मधलं घर विकायचं नाही

यवतमाळ,
२६ सप्टेंबर १९६१

प्रिय लीला,

तुझं पत्र पोचलं. सुमनचं लग्न मार्गशीर्षात ठरलं हे वाचून देवापुढे साखर ठेवली. इथलं घर विकून खर्च भागेल असंही तू लिहिलंस. ती ओळ मात्र मी दोनदा वाचली.

तुझी भाडेकरीण खानावळवाली धनीबाई हिला दसऱ्यापर्यंत घर सोडायला तू कळवलंस, ते आळीच्या अर्जावरून. अर्जाचं अक्षर तू ओळखलंच असशील. आळीतल्या बायकांत मॅट्रिक झालेली मीच, म्हणून सगळ्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: खानावळीत हमाल, ड्रायव्हर, कोर्टाच्या तारखांचे लोक येतात, दारातच चुळा भरतात, त्यामुळे घरांचे भाव पडले. खोटं कायले बोलू, रविवारच्या मटणाच्या वासाची ओळ कोणी सांगितली नव्हती, ती माझी स्वतःची.

भाव पडल्याची हाकाटी घनश्यामशेटने सुरू केली. गेल्या वर्षी तो आपल्या घरांना सहा-सहा हजार म्हणत होता. या वर्षी ओसरीवर बसून, माझाच चहा पिऊन, नाक मुरडत म्हणाला की खानावळीशेजारी साडेचारच्या वर कोणी देणार नाही, तो शब्दाला जागतो म्हणून घेतो आहे. तुझं, माझं आणि पलीकडचं भगवानरावांचं, तिन्ही घरं एकदम घेतो म्हणाला. ह्यांना ते पटलं. मलाही पटलं. पै-पैचा हिशेब ठेवणारी मी, पण भाव पाडणाराच गिऱ्हाईक आहे एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नाही.

आपल्या घरांमधली भिंत तुला ठाऊक आहे. इकडे पोथी वाचली तर तिकडे अध्याय कळतो. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी दुपारी मी सोळा भाज्या निवडत बसले होते, तर पलीकडून ओळखीचा आवाज आला. घनश्यामशेट जेवत होता. पातोडीची रस्सा भाजी दोनदा मागून घेतली, वर ठेचा. मग धनीबाईला म्हणाला, "तिन्ही घरं पाडून इथं मोठं हॉटेल बांधतो. तू कुठं जाऊ नको, तूच रांधायचं."

माझ्या हातातली गवार तशीच राहिली.

तो गेल्यावर मी धनीबाईकडे गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा तिचा उंबरा ओलांडला. जमीन सारवलेली, पितळी ताटं राखेने घासून पालथी मांडलेली. तिचा नवरा देवीलाल कापसाच्या जिनात गाठी वाहतो, तो सकाळी पाणी भरून देतो, बाकी सगळं ती एकटी करते. अर्ज कोणी लिहिला ते तिला ठाऊक होतं. तरी तिने मला पाट दिला. मी म्हटलं, तुझं तर बरंच झालं, शेट तुला ठेवून घेतो आहे. ती भाकर थापत होती, थांबली नाही.

"बाई, तो महिन्याचा पगार देतो म्हनते. आज माह्या चुलीवर मी मालकीन हाव. उद्या त्याच जागी नोकरीन कायले होऊ? त्यापक्षा आमच्या तांड्यावर जाऊन लोकाइच्या वावरात निंदन करीन."

कुळाचार सांभाळणारी बाई मी. दुसऱ्या दिवशी देवीला नैवेद्य दाखवताना हेच मनात आलं, की अन्नपूर्णेचा धावा करायचा आणि चार घास विकून पोट भरणारीची चूल उठवायची, हा कुठला धर्म? वास येतो तर रविवारी खिडकी लावून घेईन.

हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना मी सगळं सांगितलं. दोघी कुंकू न घेताच गेल्या. भगवानरावांच्या घरच्या म्हणाल्या, आमचे मालक तर शेटकडून विसाराचा बयाणा घ्यायला निघाले होते. रात्री ह्यांनी ऐकवलं की बायकांनी भावतावात पडू नये. मी म्हटलं, घर माझ्या बापूजींनी माझ्या नावावर करून दिलं आहे, भावतावात मी पडले नाही, मला त्यात बसवलेलंच आहे. ह्यांनी ताट सरकवलं. मी ताट झाकून ठेवलं. सकाळी तेच वाढलं आणि ह्यांनी ते मुकाट्याने खाल्लं.

आता हे पत्र कायले लिहिते ते सांगते. काल शेटचा माणूस कागद घेऊन आला होता. मी त्याला परत पाठवलं. माझं घर मधलं आहे. ते नसलं तर त्याला तुझं घर साडेचारलाही नको, हे त्याच्या माणसानेच सांगितलं. म्हणजे सुमनच्या लग्नाचा पैसा मी अडवला, लीला. सहीशिक्क्याला येऊन बसशील आणि तिथे कळेल, त्यापेक्षा माझ्याच हातून कळलेलं बरं. राग धर, बोलणं सोड, पण मी सही करणार नाही. माझ्या दोन पाटल्या आहेत. सुमनच्या अंगावर घाल, नाहीतर मोड, मी विचारणार नाही. आणि अर्जावरचं माझं नाव खोड. धनीबाईला मी सांगितलं आहे, तू काढलंस तर तिची चूल माझ्या ओसरीवर मांडू. तिने आजच ओसरीचं माप घेतलं.

तुझीच,
विजयमाला