तिसऱ्या पुलावरची उडी

भिसेगाव, कर्जत
रविवार, दुपार

प्रिय दर्शनाताई,

जयभीम. फोन सोडून पत्र कशाला लिहीत बसला हा, म्हणून तू घाबरशील. तर आधीच सांगतो, घरी सगळे ठीक आहेत. घाबरलोय तो मी एकटाच, आणि हे सोनालीलाही अजून सांगितलेलं नाही.

आपला तो टीव्हीवरचा गेम आठवतो ना? मोहोपाड्याच्या कंपनीतून येताना बाबांनी आणलेला, कॅसेटमध्ये फुंकर मारल्याशिवाय चालू न होणारा. माळ्यावरून काढून मी तो दुरुस्त केला. वर्षभर त्याचे व्हिडिओ काढून नेटवर टाकतोय. सोनाली म्हणते, नवऱ्याचे केस पांढरे झाले तरी खेळ सुटत नाही. गेमची एक वायर आपल्या जुन्या डब्बा टीव्हीला जाते, दुसरी, रेकॉर्डिंगसाठी, एका छोट्या डबीतून लॅपटॉपला. लॅपटॉपवर चित्र जरासं उशिरा येतं, म्हणून खेळायचं टीव्हीकडे बघून. नवखे लॅपटॉपकडे बघून खेळतात आणि खड्ड्यात पडतात. मी ती चूक कधीच केली नाही.

तरी जूनपासून मी गेममधल्या तिसऱ्या पुलावर पडायला लागलो. तिसरा पूल, ताई! माझे कान पिळून तूच शिकवलेला. आधी गेमच्या रिमोटला शिव्या घातल्या. मग डबी बदलली, सगळ्या वायरी बदलल्या. शेवटी फेब्रुवारीतला आणि आताचा व्हिडिओ शेजारी शेजारी लावला. खाली कोपऱ्यात माझे हात दिसतात, लोकांना आवडतं म्हणून तिथे मोबाइल लावतो. फेब्रुवारीत गडी शेवटच्या विटेवरून उडतो. आता वीट संपते, गडी खाली जातो, आणि मग माझं बोट बटण दाबतं.

त्यात मागच्या आठवड्यात कुणीतरी व्हिडिओखाली लिहिलं, दादा, गेम थांबवल्यावरही बटण दाबताय का? मी परत बघितलं. गेम थांबलेला, रिमोट मांडीवर, आणि उजवा अंगठा आपला बोटावर चालूच. तंबाखू मळावी तसा. अगं, आपले बाबा! आयुष्यात तंबाखूला हात न लावलेला माणूस, आणि आपण त्यांना चिडवायचो, काय मळताय म्हणून. ते म्हणायचे, काय नाय गं, थंडी हाय. कर्जतचा मे महिना होता तो. कंपवात हा शब्द आपल्या घरात त्यानंतर दोन वर्षांनी आला, आणि शेवटी पाण्याचा पेला तू त्यांच्या तोंडाशी धरायचीस.

मला त्रेचाळीसही पूर्ण नाहीत, ताई. सरळ सांगतो, माझी जाम टरकलीय. हात सारखा खिशात ठेवून फिरतो. सोनालीला वाटतं मी स्टाइल मारतोय, आणि हसते. ती हसली की मला रडू येतं.

फोनवर तू, काही नाही रे, झोप कमी झाली असेल, असं म्हणून मोकळी झाली असतीस. म्हणून हे हाताने लिहिलं. तू नाशिकला नर्सिंगच्या हॉस्टेलवर होतीस तेव्हा बाबा तुला पत्रं लिहायचे, ती तू अजून ट्रंकेत ठेवली आहेस. पुढे पुढे त्यांची अक्षरं खाली उतरता उतरता मुंगीएवढी व्हायची, आणि आपण म्हणायचो, बाबा कागद वाचवतात. तोही कंपवातच होता, हे मागाहून कळलं. त्यातलं शेवटचं काढ आणि माझं हे पत्र त्याच्या शेजारी ठेव. वरची प्रिय दर्शनाताई बघ, मग ही ओळ बघ. मी परत वाचलेलं नाही, माझी हिंमत होत नाही. लहानपणी गेममध्ये मी मेलो की तू तोंडावर सांगायचीस, संपलास तू, दे इकडे रिमोट. तसंच आताही खरं सांग, आणि डॉक्टरकडे जायचं असलं तर न्यायला ये. एवढं लक्षात ठेव, मी कागद वाचवत नव्हतो.

तुझाच,
रुपेश