गुडघ्याखालची उशी

दादा,

फोनवर मी दर वेळी "बाबा बरे आहेत" म्हणते, ते साफ खोटं आहे. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. चार वर्षं मीच वळवतेय. पार मोडून गेलेय रे.

मंगळवारी दुपारी ते सारखे कण्हत होते. मी त्यांची उशी काढली आणि दोन्ही हातांत धरून त्यांच्या तोंडाजवळ उभी राहिले. दार नुसतं लोटलेलं होतं. आपल्या चर्चमधली माणसं मदतीला पाळीपाळीने येतात. त्या दिवशी वायरमनची पाळी होती. तो आत आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं. मग ती माझ्या हातातून घेऊन बाबांच्या गुडघ्याखाली सरकवली. कण्हणं थांबलं.

"इथे लागते ती," तो म्हणाला. "माझ्या आईच्या वेळी मीही असाच उभा होतो. तेव्हा शिंपीणबाई आल्या होत्या."

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी पाळ्यांची नवी यादी लावली. गुरुवारी शिंप्याच्या घरी माझं नाव. मी भडकलेच. माझंच मला झेपत नाही, म्हटलं.

"शिंपी महिनाभर अंथरुणाला खिळलाय," पाळक म्हणाले. "त्याच्या बायकोचा चेहरा बघून या. मग नाव खोडतो."

हे पत्र मी पाठवणार नाही. घाबरून धावत आलेला भाऊ मला नकोय.

आज गुरुवार. वायरमन बाबांपाशी बसलाय. मी निघालेय, घरातली जास्तीची उशी घेऊन.

तू जिला अजून भली समजतोस, ती
तुझी बहीण