कुंभकोणचा एक कासू

९ जून १९५९
मद्रासच्या बँकेत अजून कच्चीच आहे. सप्टेंबरात कायम करतील, नाहीतर 'थँक यू' म्हणतील. नोकरी मला हवी आहे. घरी तसं बोलत नाही. 'वेळ जातो' म्हणते.

आज आमच्या विभागाचे साहेब शेषाद्री यांनी नवं काम दिलं. सगळ्या शाखांत ठेवींवरचं व्याज दोन वर्षांत किती वाढलं, त्याचा एकच तक्ता. मूळ दर गावोगाव वेगळे, पण वाढ सगळीकडे सारखीच हवी, असा बँकेचा नियम. शाखांचे कागद पाहिले आणि डोकं धरलं. कोणी अष्टमांश टक्का लिहितो, कोणी शेकडा दोन आणे, कोणी दशांश. एकीनं शेरानं, दुसरीनं मुठीनं, तिसरीनं वाट्यानं भाजी विकावी तसं. तुलना कशाशी करणार, कपाळ?

११ जून
सुचवून पाहिलं: टक्क्याचे शंभर भाग करू. शंभर रुपयांवर वर्षाला एक नवा पैसा, तो एक भाग. पाव टक्का म्हणजे पंचवीस भाग. शेषाद्री खूश. विलायतेतही असंच मोजतात म्हणे, बेसिस पॉइंट म्हणतात. आमच्या टेबलावर दुपारपर्यंत त्याचा 'कासू' झाला. तमिळीत पैशाला कासू.
अष्टमांशाशी अडलं. साडेबारा कासू. शेषाद्री: "अर्धा नको, मॅडम. अर्धा आला की सोडून द्या. तक्ता स्वच्छ पाहिजे."
बारा लिहिले.
रात्री यांना सांगितलं. हे म्हणाले, "आता व्याजाचीही सुट्टी मोड आणलीस!"

१८ जून
तक्ता पुरा. सही शेषाद्रींची. शेवटच्या रकान्यात एकूण वाढ: सगळ्या शाखा २४ कासू, एकटं कुंभकोण २५.
शेषाद्रींनी विचारलं, हे एक जास्त कसं? मी म्हटलं, आकडा त्यांनीच पाठवलेला. फार ऐटीत म्हटलं.
ठेवी ओढायला शाखा चोरून जास्त व्याज देतात, असा संशय इथे नेहमीचाच. त्यात कुंभकोणची बँक लहान, मागाहून आपल्यात विलीन झालेली. तिच्याकडे तसंही तिरक्या नजरेनंच बघतात. तिथले एजंट, म्हणजे शाखेचे मुख्य, रामराव; आमच्या सासूबाईंचे चुलतभाऊ. यांचे मामा. ऑफिसात ठाऊक आहे सगळ्यांना. म्हणून त्यापुढे मी काहीच बोलले नाही.

२७ जून
बड्या साहेबांनी तक्त्याचा शेवटचा रकाना तेवढा पाहिला आणि कुंभकोणला लिहिलं, खुलासा करा. मामांनी खुलासा केलाच नाही. मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज धाडला.
बातमी घरी आधी पोचली. सा.बा. चुलीपाशी बसून होत्या. "रामराव दोन दिवस जेवला नाही म्हणे. असं काय लिहिलं गं तुझ्या हापीसानं त्याज?"
मी म्हटलं, मला कसकी. त्यांच्या तंजावरी मराठीतला शब्द, 'कोण जाणे' अशा अर्थाचा. माझ्या तोंडी तो नीट बसत नाही.

२ जुलै
संध्याकाळी स्टेशनवर उतरले, सा.बा. मांबळमच्या बाजारात भेटल्या. पालेभाजी दोन आणे जुडी. दोन जुड्या हव्या होत्या. एक घेतली, दोन आण्यांचे बारा नवे पैसे दिले. चार पावलं गेल्या, परत आल्या, दुसरी घेतली, पुन्हा बारा. भाजीवाली तमिळीत करवादली, ह्या ढिम्म.
मला म्हणाल्या, "एकदम घेतलं तर चार आणे, पंचवीस. आत्ता एक, मग एक, चोवीस. तुज एवढं कणक्कु कळना, बँकेत काय करतीस?" कणक्कु म्हणजे हिशेब.
हसले. आणि हसता हसता बाजारातच थबकले.
इतर शाखांत वाढ दोनदा झाली, अष्टमांश आणि अष्टमांश. बारा आणि बारा. कुंभकोण मागाहून आलेलं, तिथे दोन्ही मिळून एकदम पाव टक्का दिला. पंचवीस. वाढ सगळीकडे तीच! कासू मामांनी दिला नाही, मी इतरांचा खाल्ला. अर्धा टाकायचा तर शेवटच्या बेरजेला टाकायचा, पायरीपायरीला नाही. लहानपणी वडिलांनी निमकी-पावकी घोकून घेतली ती कशाला?
रात्री जेवण गेलं नाही. फार लाज वाटली.

३ जुलै
शेषाद्रींना सांगितलं. त्यांनी तक्ता मागवून बेरीज पुन्हा केली.
"पुढच्या तक्त्यात दुरुस्त करू. गुपचूप."
तोवर मामांचा अर्ज मंजूर होईल, म्हटलं.
"आणि आज बोललात तर म्हणतील, नात्यासाठी आकडा फिरवला. तुम्ही अजून टेंपररी, मॅडम. अर्धा सोडा मी म्हटलं होतं, पण दोनदा सोडा नव्हतं म्हटलं."
दोन्ही खरं. मी म्हटलं, आजच कळवायचं. "मग तुमच्या सहीनं लिहून द्या."
दिलं. शूर वगैरे काही वाटलं नाही.

४ जुलै
बड्या साहेबांकडून मला काही नाही. मामांना मात्र तार, येऊन भेटा. शेषाद्री आज माझ्याशी कामापुरतंच बोलले.

५ जुलै, रविवार
मामा सकाळच्या गाडीनं आले. वाळले आहेत. कॉफीचा पेला हातात दिला आणि त्यांनी घोट घ्यायच्या आत सांगून टाकलं: मामा, तक्ता मी केला होता. चूक माझी. सगळं समजावलं, बारा आणि बारा, पंचवीस.
त्यांनी पेला खाली ठेवला. रागावतील असं वाटलं. नाही रागावले.
"कणक्कु चुकतं, बाळ. मजही चुकलंय. पण इतकी वर्षं काम केलं. साहेबानं एवढं तरी विचारावं, रामराव, हे कसं काय? नाही. एक कासू दिसला आणि मज चोर धरलं. तू कागदावरचा कासू पुसलास, बेस केलंस. त्याच्या मनातला कोण पुसेल?"
हे उठून गॅलरीत गेले.
उद्या दहाला मामा बड्या साहेबांना भेटणार. मलाही बोलावणं आहे, काल रात्री शिपाई चिठ्ठी देऊन गेला; कशासाठी ते लिहिलेलं नाही. अर्ज परत घेणार का, हे विचारायला माझी जीभ रेटेना. शेवटी सा.बां.नीच विचारलं.
मामा म्हणाले, "भात वाढ, अक्का."