खणखणीत पाय

३ एप्रिल
डायबेटिसचा चेकअप. डॉक्टरांनी तळव्याला बारीक तार टेकवून विचारलं, कळतंय का? म्हटलं, नाही. तर म्हणे पायाची संवेदना गेलीय. आमच्या पिढीत याला काटकपणा म्हणत. सूचना: घरातही अनवाणी चालू नका, रोज आरशात तळवे बघा, खास मऊ बूट घाला.
बूट आणले. फार उत्तम आहेत. म्हणूनच स्पृहाच्या लग्नासाठी डब्यात जपून ठेवले. पोरीचं कन्यादान ऐटीत झालं पाहिजे. श्यामला म्हणाली, अहो, मांडवात बूट काढावेच लागतात. हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय.

१० एप्रिल, दुपार
लग्नाची पहिली पत्रिका देवाला ठेवायला पर्वतीवर गेलो. मेव्हणा बद्रीनाथ सोबत. त्यालाही शुगर. देवळात जाड मोजे! रोज आरशात तळवे बघतो म्हणे. हौस एकेकाची. फरशी तापलेली. लोक टुणटुण उड्या मारत होते. मी मधोमध उभा राहून सगळं स्तोत्र म्हटलं. लोक बघत राहिले. पाय खणखणीत आहेत.

१२ एप्रिल
घरभर फरशीवर लाल ठिपके. श्यामला म्हणाली, रक्त. मी म्हटलं, पत्रिकांचं कुंकू सांडलं असेल. ठिपके माझ्या खुर्चीपाशी संपत होते. योगायोग.

१३ एप्रिल
डाव्या अंगठ्याखाली फोड फुटलाय, किरकोळ. दाढीच्या ब्लेडने कातडी साफ केली. जराही दुखलं नाही. हात चांगला आहे माझा. हळद दाबून भरली, मग कोमट पाण्यात पाय सोडला. श्यामलेने त्यात बोट घातलं आणि ओरडली. तिची कातडी नाजूक.
डॉक्टरांकडे लग्नानंतर जाऊ. आत्ता गेलो तर झोपवून ठेवतील.

२१ एप्रिल
घरात वास. उंदीर मेला असणार. मुलाला, आमोदला, कपाट सरकवायला लावलं. उंदीर नाही. पोरगा माझ्या पायाकडे बघत राहिला आणि रिक्षा आणायला गेला. उगाच घाबरट.

२२ एप्रिल, हॉस्पिटल
जखम हाडापर्यंत गेलीय. अंगठा काढावा लागणार. मी विचारलं, फार दुखेल का? डॉक्टर म्हणाले, काका, आधी दुखलं असतं तर बरं झालं असतं.
भीती वाटतेय. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

१८ मे
स्पृहाचं लग्न. डाव्या पायावर भार द्यायचा नाही, पाटावर बसायचं नाही. कन्यादान बद्रीनाथ आणि त्याच्या बायकोने केलं. गुरुजींची परवानगी काढून मोजे घालून बसला. मी चाकाच्या खुर्चीत. लोकांना सांगितलं, बाथरूममध्ये घसरलो. निघताना स्पृहा वाकली, उजव्या पायाला हात लावला, डाव्याच्या बँडेजपाशी थांबली. मला रडू आलं. एसीचा वारा डोळ्यांवर येत होता.

२० जुलै
जखम भरली. अंगठ्याच्या जागी गादी भरलेला नवा बूट बनायला टाकलाय. तोवर मोह आवरेना, डबा उघडला. बूट कोरे करकरीत. उजवा छान बसला. डाव्यात पुढे जागा उरली.
श्यामलेने विचारलं, चावतोय का? ठणकावून म्हटलं, अजिबात नाही.
ती खाली बसली, बूट काढला, आरसा घेतला आणि माझा तळवा स्वतः बघू लागली. मी पाय मागे घेतला नाही.