आत्याचा जुना नंबर

तीर्थरूप काकांना,

नमस्कार. साष्टांग घालावा असे गुडघे आता माझेही राहिलेले नाहीत, तेव्हा तो घातला असं धरून चालावं. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. पट्टी निघेपर्यंत वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणजे हे पत्र तुमच्या सूनबाई, आमच्या वहिनीच, वाचून दाखवणार. (वहिनी, कंसातलं गाळू नका. मागच्या पत्रात गाळलंत आणि मी शाळा सोडली असा काकांचा समज झाला. मी सोडली होती ती शाळेची बस.) आत्याच्या शोकसभेला तुम्हाला येता आलं नाही आणि फोनवर तुम्ही म्हणालात, सगळं सविस्तर लिही. तेव्हा आता कंटाळा आला तरी तक्रार करायची नाही.

सभा कॉलेजच्या मोठ्या वर्गात झाली, जिथे आत्याने आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं. पहिली अडचण फोटोची. आत्याला कॅमेऱ्याचा किती तिटकारा होता ते तुम्ही जाणताच. धड असा एकच फोटो सापडला, तोही वर्तमानपत्रातला. विष पोटात गेलेल्या मुलांना पाजायची कोळशाची पूड प्रत्येक लहान दवाखान्यात ठेवावी म्हणून ती सरकारी साहेबांच्या मागे लागली होती. साहेब म्हणाले, असलं काळं पाणी कोणतं मूल पिणार. आत्याने तिथल्या तिथे पेलाभर कालवलं, सगळ्यांसमोर घटाघटा प्यायलं आणि साहेबांकडे बघून हसली. फोटो त्या हसण्याचा आहे. दात, जीभ, ओठ, सगळं काळं ठिक्कर. (पूड मंजूर झाली. साहेबांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही म्हणतात.) कॉलेजला तो फोटो अशोभनीय वाटला आणि त्यांनी तिचे दात संगणकावर पांढरेशुभ्र करून घेतले. त्यामुळे व्यासपीठावर हार घातलेली आत्या दंतमंजनाच्या जाहिरातीसारखी झळकत होती. तिचा जुना शिपाई पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसला होता. त्याने बराच वेळ निरखून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "या आपल्या बाई नव्हेत." मग रुमाल काढून डोळे पुसले. मलाही तोपर्यंत रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

मग भाषणं. अधिष्ठाता म्हणाले की विषबाधेच्या माहितीकेंद्राला कॉलेजने पहिल्या दिवसापासून भक्कम पाठिंबा दिला. पाठिंबा म्हणजे जिन्याखालची खोली, जिथे केरसुण्या ठेवत. केरसुण्या हलवल्या नाहीत. आत्या, शिपाई आणि केरसुण्या असं ते केंद्र सुरू झालं. कुठल्या बाटलीत काय असतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ती दुकानातून फरशीचं पॉलिश, ढेकणांचं औषध, केसांचा कलप, असं सगळं विकत आणायची आणि कारखान्यांना विचारायची. कारखाने कळवायचे की हे आमचं गुपित आहे. एकदा ती पॉलिशचा डबा मांडीवर घेऊन एका कारखान्याच्या फाटकाशी जाऊन बसली. कामगार जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले, परत आत गेले, ही तिथेच. शेवटी व्यवस्थापक स्वतः बाहेर आला आणि काय काय घातलंय ते कुजबुजत सांगून गेला, जसं काही घरातलं भांडण सांगतोय. असं करत तिने कपाटभर कार्डं जमवली. आज देशात कुठल्याही डॉक्टरला प्रश्न पडला तर उत्तर त्या कार्डांवरून वाढलेल्या माहितीतून मिळतं. हे अधिष्ठात्यांनी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते आहे.

मी चित्रकला शिकवते म्हणून मलाही तिने कामाला जुंपलं होतं. बाटल्यांवरची कवटी मुलांना आवडते असं तिच्या लक्षात आलं, तेव्हा मुलं घाबरतील असा चेहरा काढ म्हणाली. मी रात्रंदिवस खपून एक हिरवा, ओकारी आलेला चेहरा काढला. तो आम्ही एका बालवाडीत नेऊन बाटल्यांवर चिकटवला. मुलांनी त्या बाटल्यांना मिठ्या मारल्या. एका मुलीने तर त्याचं नावच ठेवलं आणि घरी नेऊ द्या म्हणून भोकाड पसरलं. आत्या परतताना एवढंच म्हणाली, "चित्राने नाही भागायचं. उंची पाहिजे." त्या दिवसापासून आपल्या घरातलं फिनेल, साबण, औषधं, सगळं छताजवळच्या फळीवर गेलं. मला आजही कपडे धुवायचे तर स्टुलावर चढावं लागतं, आणि घरात मूल तर कधीच नव्हतं.

पण विष पोटात गेलं तर फोन करा, असं केंद्राचं पोस्टर निघालंच. कॉलेजने जिन्याखाली फोन दिला नाही, म्हणून आत्याने पोस्टरवर घरचा नंबर छापला. तो गावोगाव दवाखान्यांत, शाळांत, औषधांच्या दुकानांत लागला. मी तिच्याकडे राहायला आले तेव्हापासून आमचं जेवण त्या फोनच्या तालावर चाललं. तोंडात घास, कानाला फोन, आणि तेच ते प्रश्न: काय प्यायला, बाटलीत किती उरलंय, श्वास कसा चाललाय, ओठांचा रंग काय. ती कधीच आवाज चढवायची नाही. आणि एक प्रश्न तिने कधीच विचारला नाही, आणि तिच्या हाताखालच्या कोणालाही विचारू दिला नाही. तो म्हणजे, बाटली तिथे ठेवली कोणी. मला वाटायचं, वेळ वाचवायला. पुढे केंद्राला मोठी जागा मिळाली, नवा नंबर मिळाला, पण जुनी पोस्टरं भिंतींवर तशीच राहिली.

आता जे लिहिते ते ऐकताना तुम्ही बसलेलं असावं. केंद्राच्या आताच्या प्रमुख, म्हणजे आत्याची लाडकी विद्यार्थिनी, त्या शेवटी बोलल्या. त्यांनी सांगितलं की दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या तासाला आत्या एक गोष्ट सांगायची. एका घरात लहान मुलगा रॉकेल प्यायला. त्याच्या मोठ्या बहिणीला कोपऱ्यावरच्या कंपाउंडरकडे पिटाळलं. त्याने मान वर न करता सांगितलं, उलटी काढा. विसरायला नको म्हणून ते दोन शब्द पुटपुटत ती मुलगी पूर्ण रस्ता धावली आणि निरोप जसाच्या तसा घरी दिला. घरच्यांनी तसंच केलं. रॉकेल वर आलं आणि येता येता छातीत उतरलं. मुलगा निळा पडला, दवाखान्यात राहिला, कसाबसा वाचला. एवढं सांगून आत्या म्हणायची, "निरोप बरोबर पोचला होता. निरोपच चुकीचा होता. धावत येणाऱ्या माणसाला बरोबर निरोप द्यायचा, एवढंच आपलं काम." आणि फळ्याकडे वळायची.

काका, हा प्रसंग तुम्ही घरातल्या प्रत्येक लग्नात सांगता. तुम्हाला पाय धरून उलटं टांगलं, मीठपाणी पाजलं आणि तेव्हापासून तुम्हाला जग सरळ दिसेनासं झालं. सगळे पोट धरून हसतात, मीही हसले आहे. आत्या दर वेळी त्याच सुमारास पाणी प्यायला उठायची. सभेत तो मुलगा कोण आणि ती धावलेली बहीण कोण हे कोणालाच माहीत नव्हतं. मला एकटीला कळलं आणि माझ्या हातातली फुलं कुठे ठेवावी ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायला आलेली माणसं बसली होती आणि पोस्टरवरचा तो घरचा जुना फोन वाजला. एक आजोबा. खिडक्या रंगवत होते, कपात टर्पेंटाइन काढून ठेवलं होतं, नातीने तोंडाला लावलं. मी म्हणाले, मी डॉक्टर नाही, केंद्राचा नंबर देते. ते म्हणाले, "लिहायला हात मोकळा नाही हो. शेजारीण मीठपाणी घेऊन आली आहे, पाजू का?"

"पाजू नका," मी म्हणाले. "उलटी काढायची नाही. अजिबात नाही." माझ्या तोंडून आत्याचाच संथ स्वर निघाला, त्याची माझी मलाच भीती वाटली. "तिला मांडीवर सरळ बसवा. श्वास कसा आहे? खोकतेय का?"

"खोकतेय. थोडी धाप आहे."

"ओठ?"

"लाल आहेत. नेहमीसारखे."

मी त्यांना कपड्यांवर सांडलेलं असेल तर कपडे काढून अंग पुसा, डबा बरोबर घ्या आणि तडक मोठ्या दवाखान्यात जा असं सांगितलं. मग प्रमुखबाईंना फोन करून सगळं कळवलं. त्यांनी दवाखान्याशी बोलून घेतलं. खोलीतली माणसं चहाचे कप हातात धरून पुतळ्यासारखी बसली होती. संध्याकाळी आजोबांचा पुन्हा फोन आला. छातीचा फोटो काढला, साफ आहे, एक दिवस ठेवून घेणार आहेत, आणि पोरगी नर्सशी भांडते आहे. मग म्हणाले, "कप मीच ठेवला होता." मी म्हणाले, ते आम्ही विचारत नसतो. त्यांनी विचारलं, मग तुम्ही करता काय. मी म्हणाले, चित्रकला शिकवते. 

आत्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचता वाचता गेली, हे तुम्हाला माहीतच आहे. चेहरा शांत होता. दातांचं मी कॉलेजला कळवलं आहे. ते पुन्हा काळे करून देणार आहेत.

तुमची,
पुतणी

ता.क. टेलिफोनवाला येऊन गेला. नंबर आत्याच्या नावावर असल्यामुळे तो बंद तरी करावा लागेल किंवा सख्ख्या नातेवाइकाच्या नावावर तरी. सख्खे तुम्हीच उरलात. बंद होऊ द्यायचा नाही. शिवाय मी दिवसभर शाळेत, मग उचलणार कोण? तुम्ही जन्मभर स्टेशनच्या माईकवरून गाड्या उशिरा येणार असं सांगितलंत आणि कोणी तुमच्या आवाजावर कधी चिडलं नाही. तेव्हा पट्टी निघाली की इकडेच राहायला या. प्रश्न चार-पाचच आहेत, मी शिकवीन.

ता.क. दुसरा, फक्त वहिनींसाठी. हे मोठ्याने वाचू नका. नंबर नावावर करायची काकांची सही पोस्टानेही चालते, त्यासाठी यायला नको. तो फोन मी कालच केंद्राकडे परस्पर वळवून घेतला, आता तो इथे वाजणार नाही. जेवायला बसले की फार शांत असतं, इतकंच. रॉकेलचं ऐकून काका गप्प झाले असतील, तर थोडा वेळ तसेच बसू द्या. मग तिकिटाचं बघा.