सासूबाईंच्या मुसळाची मोगरी

१४ सप्टेंबर, रविवार
अण्णांच्या पटाशीची, लाकूड कोरायच्या हत्याराची, मूठ फोडली. उभी, मधोमध. शेजारचा सुतार तीस वर्षांत पहिल्यांदा हत्यार उसनं देतो आणि मी दुसऱ्याच दिवशी त्यावर लोखंडी हातोडा घालते. शाब्बास, बाई!
परत द्यायला गेले. अण्णांनी फुटकी मूठ चाचपली, माझ्याकडे बघितलंच नाही. "बाई, पटाशीवर लोखंड मारत नसत्यात. मोगरी मारत्यात, लाकडाची." त्यांची मोगरी तिथेच पडलेली. कशी असते बघावी म्हणून हात पुढे केला, तर उचलून मांडीखाली घातली. "दुसऱ्याच्या मोगरीला हात लावायचा नस्तो. आपली आपण करायची."
मुकाट्याने घरी. वर्गात पोरांच्या हातून पाटी फुटली की मी अशीच वागायची का?

१५ सप्टें.
ह्यांनी बातमी आणली. अण्णा दसऱ्यानंतर चाकणला मुलाकडे चाललेत, कायमचे. ६ तारखेला मुलगा गाडी घेऊन येणार. भंगारवाला पेटी बघून गेला म्हणे. रंधे, करवती, पटाश्या, सगळं भंगारात.
जेवण गेलं नाही. तीस वर्षं शाळेतली मोडकी बाकं दगडाने खिळे ठोकून उभी केली. रिटायर झाले की धड शिकेन, म्हणत राहिले. रिटायर होऊनही दोन वर्षं झाली. गोठ्यात टेबल मांडलं, बाजारातून करवत आणली, आणि शिकवणारा भिंतीपलीकडे असताना मी मोबाईलवर व्हिडिओ बघत बसले.
सं. ५ — सरळ जाऊन विचारलं. मला शिकवा, पेटी मला द्या. अण्णा हसले. "शोकेसला ठेवायला का? खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडतो मी. तवर तुमची मोगरी करून आणा. पूजेत ठिवण्याजोगी असली तर पेटी तुमची. नसली तर शाळेच्या बाईंना आपला पेनच बरा."
खंडेनवमी १ तारखेला. सोळा दिवस.

१८ सप्टें.
जुन्या खिडकीच्या चौकटीचा सागाचा तुकडा. बाजारातून स्वस्तातली पटाशी आणून भोक पाडलं, दांडा बसवला. झकास दिसत होती. फोटोसुद्धा काढला. तिसऱ्या ठोक्याला दोन फाकी.
हे: "पितृपाटात नवं काम काढलंस."
मी: "लाकडाला पंचांग कळत नाही."
अण्णा भिंतीवरून: "साग हलका. लगेच चिरतो. अन् भोक टोकाशी पाडलंय तुमी. मधी पाडायचं."
बोलले तरी.

२० सप्टें.
बाभूळ हवी. जुनी, वाळलेली, जड. वखारवाला ओली गळ्यात मारत होता. माळा बघितला, गोठ्यामागचा ढीग बघितला. शेवटी कोठीच्या कोपऱ्यात सासूबाईंचं मुसळ. वरून निम्मं चिरलेलं, खालचा भाग ठणठणीत. बाभूळच.
उचललं आणि हाताने वजन ओळखलं. घोडेगावच्या पलीकडच्या डोंगरातली मी, लहानपणापासून भात कांडलेली. नवी नवरी म्हणून इथे आले, तर सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी हे हातात दिलं आणि म्हणाल्या, "हात चांगलाय पोरीचा." माझ्याबद्दल त्यांनी काढलेला पहिला चांगला शब्द. पुढचा यायला बरीच वर्षं लागली. लेकीच्या, मनीच्या लग्नात हळदही ह्यानेच कांडली.
हे दारात उभे. "मुसळाला पाय लागला तर नमस्कार करतो आपण, अन् तू करवत लावणार? आई असती तर?"
मुसळ पुन्हा कोपऱ्यात.

२१ सप्टें. सर्वपित्री
सासूबाईंचं पान वाढलं. मग मनीला पुण्याला फोन. सगळं सांगितलं. "आई, माझ्या हळदीचं मुसळ ना गं ते?" मग म्हणाली, "पण कोपऱ्यात उभं राहून ते करतंय तरी काय?"
हे शेजारीच बसून ऐकत होते. चहा झाल्यावर मुसळ पुसून स्वतःच गोठ्यात आणून ठेवलं. माणूस चांगला आहे, जरा उशीर लावतो इतकंच.

२२ सप्टें. घटस्थापना
मुसळाला हळदकुंकू लावलं आणि करवत चालवली. सुरुवातीला वाईट वाटलं, खोटं का लिहू? मग लाकूड असं काही अडून बसलं की वाईट वाटायला सवडच मिळेना. दंड भरून आले. वीतभर तुकडा निघाला. आतून तांबूस, एक चीर नाही.

२५ सप्टें.
गंमत अशी की मोगरी करायला पटाशी हवी आणि पटाशी ठोकायला मोगरी. अर्धी सकाळ ह्यातच गेली. मग मुसळाचा उरलेला तुकडा उचलला आणि त्यानेच ठोकायला लागले. ठक. ठक. कांडायचा ताल हाताला आपोआप आठवला. खांदा दुखेना, श्वास चुकेना. साठीला आलेली बाई मी, गोठ्यात एकटीच हसत होते.
भिंतीपलीकडे अण्णांचा रंधा थांबला. ऐकत होते.
भोक आरपार. अगदी मधोमध! वरून किंचित रुंद, खाली अरुंद. दांडा वरून घातला की मोगरीचं डोकं सुटून उडत नाही.

२८ सप्टें.
दांडा मोडक्या कुदळीचा. तासून, कानशीने घासून बसवायला गेले तर निम्म्यात अडकला. आत जाईना, बाहेर येईना. ह्यांना हाक मारली. दोघांनी ओढला. दांडा निघाला आणि हे धपकन शेणकुटाच्या पाटीत बसले. तहसील कचेरीत इतकी वर्षं नोकरी केलेला माणूस. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, मग तेही.
सं. — बसला! जवसाचं तेल लावलं, लाकूड तांबडं उजळलं. मनी सोडून इतकी देखणी गोष्ट माझ्या हातून आजवर झाली नव्हती.

१ ऑक्टोबर. खंडेनवमी
पदराखाली झाकून नेली. अण्णांनी चादरीवर हत्यारं मांडलेली, सगळी तेल लावून. मोगरी हातात घेतली. तोलली. कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारली. दांडा पिळून बघितला. मी शाळा तपासणीच्या दिवसासारखी पदर सारखा करत उभी.
"कशाची?"
"सासूबाईंच्या मुसळाची."
"डाव्या अंगाला लई घासलीय."
संपलं, म्हटलं. तर त्यांनी ती रंधा आणि करवतीच्या मधे ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. सगळ्यात मोठं फूल.
घरी येताना गल्लीत दोघी-तिघींना विनाकारण थांबवून बोलले.

२ ऑक्टो. दसरा
अण्णा आणि हे पेटी घेऊन आले, दोन बाजूंनी धरून. आपट्याची पानं मग दिली. पेटीतून पहिली निघाली ती मी फोडलेली पटाशी. "पैलं काम ह्येच. मूठ करा हिला."

५ ऑक्टो.
चार दिवस, सकाळ-संध्याकाळ अण्णा गोठ्यात. एकदाही 'पेन बरा' म्हणाले नाहीत. मूठ बसली. माझ्या मोगरीने ठोके घातले, मूठ हूं की चूं करत नाही. "बाई, तुमचा हात चांगलाय," म्हणाले. मी पटकन दुसरीकडे बघितलं.

६ ऑक्टो. सोमवार
गाडी आली. अण्णा धुतलेल्या कपड्यांत, पिशवी घेऊन गोठ्यात आले. टेबलावरची माझी मोगरी उचलली आणि पिशवीत घातली.
"अण्णा, दुसऱ्याच्या मोगरीला हात लावायचा नसतो!"
"व्हय. पर बघतो, हाताला बसती का."
"चाकणला मुलाच्या चौथ्या मजल्यावर काय ठोकणार?"
"ठोकीन काय तरी." स्वतःची मोगरी टेबलावर ठेवली. "बदलून न्यायला येतो."
कधी ते विचारलं, तर मुलगा हॉर्न वाजवायला लागला.
त्यांच्या मोगरीने आता दोन ठोके मारून बघितले. दांड्यावर अण्णांच्या अंगठ्याचा खोल खळगा पडलाय, माझा अंगठा त्यात हरवतो. हे म्हणाले, घासून तुझ्या मापाचा करून घे. घासणार नाही. ते न्यायला आले तर?