पान बेचाळीसवरचं तळं

ठकूताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबरेमुळे अर्धाच वाकलो, उरलेला समजून घे). तुझे गुडघे जिना चढू देतात का? मेहुण्यांचं घोरणं उतरलं का? इकडे बाबा अठ्ठ्याऐंशीचे झाले, तरी वर्तमानपत्रातल्या नकाशात चूक काढल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत.

पत्राला कारण त्यांचं भूगोलाचं पुस्तक. तेच, शाळेसाठी इंग्रजीत लिहिलेलं, ज्याचे नकाशे टेबलावर पसरलेले असायचे म्हणून आपण वर्षभर मांडीवर ताटं घेऊन जेवलो. त्यांचा एक जुना विद्यार्थी नॉर्वेत मास्तर आहे, त्याला ते तिथल्या मुलांसाठी नॉर्वेजियनमध्ये हवंय. "छापलेलं हातात आलं की मी मोकळा," असं बाबा म्हणाले, आणि तेव्हापासून मी इंग्रजीचं नॉर्वेजियन करणारा, वर भूगोलही जाणणारा माणूस शोधत फिरतोय. पहिला भेटला तो औषधांच्या माहितीपत्रकांचा अनुवादक. त्याचा नमुना विद्यार्थ्याने वाचला, तर धरणांच्या प्रकरणाखाली 'लहान मुलांपासून दूर ठेवावे' अशी सूचना. दुसरे जहाजावरचे निवृत्त कप्तान. त्यांनी किनारे झकास उतरवले, पण डोंगर आला की पान उलटायचे ("तिथे माझं जहाज जात नाही"). तिसऱ्या एक बाई. तीस वर्षं नकाशे काढण्यात गेलेली, बोलणं फूटपट्टीने आखल्यासारखं. आठव्या दिवशी त्यांचा फोन, "पान बेचाळीसवरचं तळं कुठल्याच नकाशात नाही. जे पाणी नाही, त्याचा मी अनुवाद करत नाही." (बाई अस्सल आहेत हे मला तिथेच पटलं. पन्नास वर्षांत एकाही मास्तराच्या हे लक्षात आलं नव्हतं.)

ती दुपार तू विसरली नसशील. दुसऱ्या दिवशी पुस्तक छापखान्यात जायचं आणि नकाशावर शाईची दौत कलंडली. "कुणी?" बाबांनी विचारलं आणि तू पुढे झालीस. नवा नकाशा काढायला वेळ नव्हता. बाबांनी बारीक टाकाने डागाचे काठ नीट केले, शेजारी 'ठकू सरोवर' लिहिलं आणि मजकुरात चार ओळी घातल्या: उथळ, गोडं पाणी, थंडीत पाहुणे पक्षी. अजूनही शाईचा वास आला की मला ते पक्षी दिसतात.

आता तळं काढायचं म्हटलं तर बाबा पुस्तकच परत मागतात, ठेवायचं म्हटलं तर बाई काम सोडतात. शेवटी दौतीची गोष्ट ऐकून बाईंनीच तोड काढली. शाई सांडणाऱ्याने खरी हकीकत सहीनिशी पाठवावी, त्या ती तळटीप म्हणून घालतील.

बाकी सगळं बरं. गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : तेवढी हकीकत तू लिहून पाठव. दोष तेव्हा तोंडी घेतलाच होतास, आता नुसता लेखी हवाय.

आणखी ता. क. : थांब, लिहू नकोस. पाकीट चिकटवता चिकटवता बाबांना सांगून टाकलं की दौत माझ्या कोपराने पडली होती. त्यांनी चष्मासुद्धा वर केला नाही. म्हणाले, "ठाऊक आहे रे. तिने तुझं नाव सांगितलं नाही, म्हणून तर तळ्याला तिचं दिलं." तेव्हा तळटीप मीच लिहितोय. फक्त, बाईंना तळ्याची खोलीही हवी आहे. किती सांगू?